धानाची जागल
(नभोवाणीवरील भाषण)

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणी हें माझें गांव. बोर नदीच्या कांठीं, बोरच्या जंगलाला जवळजवळ लागूनच तें वसलें आहे. कापूस आणि तूर हीं आमच्याकडचीं जुनीं पिकें. ज्वारी आणि जवस मागें पडून त्यांच्या जागीं आतां सोयाबीन आलें आहे. धान मात्र आमचें पीक नव्हे. तेव्हां सारें आयुष्य शाळेंत गणित आणि भाषा शिकविण्यांत घालविलेल्या, स्वतः मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या एका निवृत्त मास्तरानें आज धानाच्या रोगावर बोलावें, याचें आपणांस नवल वाटणें स्वाभाविक आहे. एका जांवयानें विचारलेला प्रश्न हें त्याचें कारण होय.

माझी धाकटी मुलगी भंडारा जिल्ह्यांत साकोलीकडे दिलेली आहे. तो सारा प्रदेश वैनगंगेच्या खोऱ्यांतला, तळ्यांचा, बोड्यांचा आणि धानाचा. तीन वर्षांपूर्वीं दसऱ्याच्या सुमारास मी तिच्या घरीं गेलों असतां जांवईबापू मला सकाळींच शेतावर घेऊन गेले. धानाच्या शेताला तिकडे 'बांधी' म्हणतात. एकाच धुऱ्याच्या दोन बाजूंस दोन बांध्या होत्या. पलीकडची शेजाऱ्याची, तिच्यांतील लोंब्या दाण्याच्या भारानें वाकल्या होत्या. अलीकडची आमच्या जांवयाची. तिच्यांतील पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडले होते, मध्यें राखी आणि कडेला तपकिरी. लोंबीची मान काळी पडली होती, आणि लोंबी ताठ उभी होती. कारण तिच्यांत वाकण्याजोगें वजनच उरलें नव्हतें. मीं चार दाणे चिमटींत धरून दाबून पाहिले. चारहि पोचट निघाले.

"मामाजी," जांवई म्हणाले, "पाऊस एकच, पाणी एकाच तळ्याचें, रोवणीहि एकाच आठवड्यांतली. मग माझेंच धान कां करपलें? आणि हेंच बियाणें सहा वर्षें याच बांधींत निरोगी राहिलें. करपा येत नाहीं म्हणूनच तर मीं तें घेतलें होतें. बियाणें फसवें निघालें, कीं माझी जमीन बिघडली?"

त्या सालीं त्यांच्या डोक्यावर सोसायटीचें पीककर्ज होतें, आणि धाकट्या बहिणीचें लग्न माघांत ठरलें होतें. तें लग्न पुढें ढकलावें लागलें. प्रश्न नुसता जिज्ञासेचा नव्हता, हें मी जाणत होतों. पण मला उत्तर देतां आलें नाहीं. शिक्षकाला उत्तर येत नसेल तेव्हां त्यानें पुस्तक उघडावें, हा माझा जुना नियम आहे. तेव्हांपासून जें वाचलें आणि जाणत्यांना विचारून जें समजून घेतलें, तें आज आपणांसमोर मांडीत आहें.

या रोगाचें नांव करपा. तो एका सूक्ष्म बुरशीपासून होतो. शास्त्रज्ञ तिला पायरिक्युलारिया ओरायझी म्हणतात. मॅग्नापोर्थे ओरायझी असेंहि तिचें दुसरें नांव आहे. आपल्या देशांत तिची पहिली नोंद १९१३ सालीं तंजावर भागांत झाली. तिचे बीजाणु डोळ्यांना न दिसणारे आणि नासपतीच्या आकाराचे असतात. रात्रीं असा एखादा बीजाणु वाऱ्याबरोबर येऊन धानाच्या पानावर पडतो. पान दंवानें ओलें असेल तर तो आपल्या टोंकाच्या चिकट द्रव्यानें पानाला घट्ट धरून बसतो, आणि त्यांतून एक बारीक नळी निघते. नळीच्या शेवटीं घुमटासारखा एक फुगवटा तयार होतो. त्याला आंतून काळ्या रंगद्रव्याचा लेप बसतो, पोटांत ग्लिसरीन सांचतें, आणि तें बाहेरचें पाणी आंत ओढूं लागतें. लेपामुळें ग्लिसरीन बाहेर पडूं शकत नाहीं. त्यामुळें आंतील दाब वाढत वाढत वातावरणाच्या दाबाच्या ऐंशीपटीपर्यंत जातो. मोटारीच्या चाकांतील हवेच्या दाबाच्या मानानें हा सुमारें चाळीसपट झाला! एवढ्या जोरानें एक सुईसारखा खिळा पानाच्या कातडींत घुसतो, आणि बुरशी आंत शिरते. आठवड्याच्या आंतबाहेर तेथें ठिपका दिसूं लागतो, आणि प्रत्येक ठिपका पुढें रात्रींमागून रात्रीं हजारों नवे बीजाणु वाऱ्यावर सोडीत राहतो. ढगाळ आकाश, रिमझिम पाऊस, थंड रात्र, सकाळचें दंव आणि बांधींत जास्त पडलेला युरिया, एवढें जमून आलें म्हणजे या बुरशीची दिवाळी आणि शेतकऱ्याचा शिमगा होतो.

धानावरील बुरशी ही केवढी मोठी गोष्ट आहे, हें बंगालच्या इतिहासावरून कळतें. १९४२ सालच्या पावसाळ्याअखेर बंगालच्या धानावर दुसऱ्या एका बुरशीचा, तपकिरी ठिपक्यांचा रोग मोठ्या प्रमाणावर पडला. पुढल्या वर्षीं दुष्काळ पडून निदान पंधरा लाख माणसें मेलीं. कित्येकांच्या मतें हा आंकडा तीस लाखांपर्यंत जातो. दुष्काळ केवळ बुरशीनें आणला, असें म्हणतां येणार नाहीं. युद्ध, ब्रह्मदेशांतून बंद झालेला तांदूळ, भडकलेले भाव आणि सरकारची बेपर्वाई यांचा त्यांत मोठा वांटा होता. परंतु आधींच उण्या असलेल्या कोठारांत या रोगानें भर टाकली, ती उणेपणाची. त्यानंतर १९४६ सालीं कटक येथें मध्यवर्ती भात संशोधन संस्था निघाली, ती याच आपत्तीची आठवण मागें ठेवून.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एक रोप करपतें आणि शेजारचें करपत नाहीं, हें कशामुळें?

१८६६ सालीं मेंडेल या धर्मगुरूनें वाटाण्यावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. आईबापांचे गुण संततींत ठराविक हिशेबानें उतरतात, हें त्यानें दाखविलें. जगानें त्याकडे लक्ष दिलें तें १९०० सालीं. त्यानंतर पांचच वर्षांनीं केंब्रिज येथील बिफेन यांनीं गव्हाच्या दोन जातींचा संकर केला. त्यांपैकीं एकीला पिवळा तांबेरा होई, दुसरीला होत नसे. दुसऱ्या पिढींत दर चार रोपांमागें सुमारें तीन रोपें रोगट आणि एक निरोगी, असें प्रमाण निघालें. म्हणजे रोगाला दाद न देणें हा योगायोग नाहीं, जमिनीचा गुण नाहीं आणि दैवहि नाहीं; डोळ्यांच्या रंगाप्रमाणें तो वंशानें येणारा गुण आहे. हा गुण वाहणाऱ्या घटकाला आज आपण जनुक म्हणतों.

आमच्या वऱ्हाड-नागपूर भागाला याचा अनुभव कापसाच्या बाबतींत जुनाच आहे. देशी कापसाला 'मर' नांवाचा रोग होत असे. मातींत राहणारी फ्युझेरियम नांवाची बुरशी मुळांतून शिरे, आणि उभें झाड बघतां बघतां सुकून जाई. शत्रु जमिनींत दडलेला, तेव्हां वरून औषध मारून उपयोग नव्हता. म्हणून संशोधकांनीं मर रोगाच्या मातींतच मुद्दाम कापूस पेरला, आणि जीं झाडें जगलीं त्यांचें बीं राखलें. 'जरीला' सारखी मर रोगाला न जुमानणारी जात खानदेशाकडून वऱ्हाडांत पसरली, ती या मार्गानें. पुढें अमेरिकन कापूस सर्वत्र आला. त्याला आपल्याकडील ही बुरशी सहसा बाधत नाहीं, म्हणून आजच्या तरुण शेतकऱ्याला या गोष्टी ठाऊक नसतात.

पण जनुक रोगाला अडवितें तें कसें? येथें मला आमच्या गांवचें उदाहरण घ्यावेंसें वाटतें. हिंगणीस जंगल जवळ असल्यामुळें रानडुकरांचा उपद्रव फार. पीक हाताशीं आलें कीं शेतांत मचाण बांधून रात्रभर राखण करावी लागते. तिला आमच्याकडे 'जागल' म्हणतात. शेताभोंवतीं कुंपण असतें; त्याला कोणी कोणी पत्र्याचे डबे बांधून ठेवतात. जनावर कोणतेंहि असो, कुंपणाला धक्का लागला कीं डबे वाजतात. आंत मचाणावर जागल्या बसलेला असतो. तो नुसत्या चाहुलीवरून डुक्कर कीं नीलगाय हें ओळखतो आणि आरोळी देतो. धानाच्या रोपांत अशीच दुहेरी जागल चालते.

माणसाच्या रक्तांत रोगजंतूंशीं लढणाऱ्या फिरत्या पेशी असतात. झाडाला तसें रक्त नाहीं. त्याच्या प्रत्येक पेशीला आपलें रक्षण आपणच करावें लागतें. बुरशीच्या अंगावर कायटिन नांवाचें कवच असतें. झिंग्याच्या सालीचें आणि किड्यांच्या पाठीचें कवच त्याच द्रव्याचें. धानाच्या अंगीं कायटिन मुळींच नाहीं. त्यामुळें पेशीच्या बाहेरच्या बाजूस कायटिनचा तुकडा लागला कीं 'कोणी परका आला' एवढें पेशीला समजतें. हे कुंपणावरचे डबे झाले. जपानी शास्त्रज्ञांनीं २००६ सालीं, कायटिन ओळखणारें धानाचें प्रथिन शोधून काढलें.

परंतु बुरशी कांहीं कमी चतुर नाहीं. ती पेशींत आपले हस्तक पाठविते. हे हस्तक डब्यांचा आवाज बंद पाडतात आणि घरांतलें अन्न बाहेर काढूं लागतात. त्यांना तोंड देण्यासाठीं पेशीच्या आंत दुसरी जागल असते. तेथील प्रत्येक जागल्या हें एकेक प्रथिन असून तें एकेका जनुकाच्या हुकुमानें तयार होतें. तो सर्वांनाच ओळखत नाहीं. बुरशीच्या एका ठराविक हस्तकाला मात्र नेमका ओळखतो. ओळख पटली कीं ती पेशी आणि तिच्या लगतच्या कांहीं पेशी आपण होऊन मरण पत्करतात. ही बुरशी जिवंत पेशींत पाय रोवून पुढें सरकते. मेलेल्या पेशींच्या त्या वर्तुळांत ती कोंडली जाते. निरोगी दिसणाऱ्या पानावर टांचणीच्या टोंकाएवढे तपकिरी ठिपके असतात, ते या बलिदानाचे.

ही ओळख किती सूक्ष्म असते पहा. फिलिपाइन्समधील 'तादुकान' नांवाच्या जुन्या जातींत 'पी-टा' नांवाचें जनुक आहे. २००० सालीं त्याची रचना उलगडली. त्यापासून होणारें प्रथिन ही ९२८ मण्यांची एक माळ आहे. तिच्यांत ९१८ वा मणी ॲलानिन नांवाचा असला तर रोप करप्याला ओळखतें. त्या ठिकाणीं सेरिन नांवाचा मणी असला तर ओळखत नाहीं. नऊशें अठ्ठावीस मण्यांतील एक मणी, आणि त्यावर लोंबी भरणार कीं पोचट राहणार हें ठरावें!

आतां जांवयाच्या प्रश्नाचा दुसरा भाग. जें बियाणें सहा वर्षें टिकलें तें सातव्या वर्षीं कां हरलें? याचें उत्तर अमेरिकेंतील नॉर्थ डकोटा प्रांतांत फ्लॉर नांवाच्या शास्त्रज्ञानें शोधलें, आणि तेंहि आपल्या ओळखीच्या पिकावर, जवसावर. जवसाच्या तांबेऱ्यावर वर्षानुवर्षें काम करून १९४० नंतरच्या काळांत त्यांनीं असें दाखविलें कीं, पिकांतील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला जोडीचें एक जनुक बुरशींतहि असतें. जागल्या पिकाचा आणि हस्तक बुरशीचा, अशी ही जोडी होय. जागल्याला जो हस्तक ओळखूं येतो तोच बुरशीनें बदलला अगर अजिबात टाकून दिला, तर जागल्या मचाणावर बसलेला असूनहि त्याला कांहींच दिसत नाहीं.

आणि बुरशीला बदलावयास वेळ लागत नाहीं. एका ठिपक्यांतून रात्रींत हजारों बीजाणु निघतात. त्या अफाट संख्येंत एखादा बदललेला असतोच. भोंवतालीं निरनिराळ्या जाती असतील तर त्या एकट्याचें फारसें चालत नाहीं. परंतु जांवयाच्या गांवीं तें बियाणें चांगलें म्हणून सहा वर्षांत बहुतेक सर्वांनीं तेंच लावलें होतें. शेजाऱ्यानें त्या वर्षीं योगायोगानें दुसरी जात घेतली, एवढेंच. बदललेल्या बुरशीला एक किल्ली सांपडली, आणि गांवांतील सर्व घरांना कुलूप एकच होतें. तेव्हां बियाणें फसवें नव्हतें आणि जमीनहि बिघडली नव्हती. शत्रु बदलला आणि पहारा जुनाच राहिला.

येथें आपल्यापैकीं कोणी सहज विचारील कीं, मग रोपानें सर्व प्रकारचे जागले सदैव जागे कां ठेवूं नयेत? याचें उत्तर शोधतांना शास्त्रज्ञांना जें सांपडलें, तें मला या विषयाचें सार वाटतें.

सारें गांव रोज रात्रीं जागलीला बसलें तर दिवसा नांगर कोण धरणार? रोपाचेंहि तसेंच आहे. सूर्यप्रकाशांत कमावलेलें अन्न मर्यादित असतें. तें शस्त्रांवर खर्च झालें तर दाण्यांत कांहीं उतरत नाहीं. ज्या रोपांत प्रतिकाराचीं यंत्रें अखंड चालूं राहतात, तें पुष्कळदां खुजें राहतें आणि त्याला दाणे कमी धरतात. म्हणून जनुक अंगीं असणें एवढ्यानें भागत नाहीं. तें केव्हां जागें व्हावें, कोठें जागें व्हावें आणि केव्हां झोपावें, याचेंहि शासन असावें लागतें. यालाच जनुकांचें नियमन म्हणतात.

शाळेच्या ग्रंथालयांत सर्व पुस्तकें असतात. परंतु कोणत्या तासाला कोणतें कपाट उघडावयाचें हें ठरलेलें असतें. रोपाच्या प्रत्येक पेशींत सर्व जनुकें असतात, आणि बहुतेक जनुकांच्या आरंभीं कुलपासारखा एक भाग असतो. कांहीं प्रथिनें येऊन तें कुलूप उघडतात, कांहीं तें बंद करतात. चीनमधील 'दिगू' नांवाच्या धानावर करप्याचें फारसें चालत नाहीं. त्याचें एक कारण २०१७ सालीं उमगलें. आपण जखम धुण्यास हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतों. रोपहि बुरशीवर तेंच द्रव्य वापरतें. पण तें नष्ट करणाऱ्या प्रथिनांना कामास लावणारें एक जनुक धानांत असतें. दिगूमध्यें त्या जनुकाच्या कुलपांत एकच अक्षर निराळें आहे. त्यामुळें कुलूप बंद करणारें प्रथिन तेथें अधिक घट्ट बसतें, जनुक दबून राहतें, औषध टिकतें आणि बुरशी मरते.

त्याच वर्षीं शांघाय येथील संशोधकांनीं 'पिग्म' नांवाच्या जनुकसमूहाचें कोडें सोडविलें. त्यांत दोन जनुकें महत्त्वाचीं. एक जागल्याचें, तें पानांत जागें राहून करप्याच्या अनेक प्रकारांना अडवितें, पण त्यापायीं दाण्याचें वजन घटतें. दुसरें त्याला आवर घालणारें. तें पानांत जवळजवळ निजलेलें असतें आणि परागांत जागें होतें, त्यामुळें दाणे चांगले भरतात. म्हणजे जेथें शत्रु येण्याचा संभव अधिक तेथें पहारा, आणि जेथें वंश वाढावयाचा तेथें शांतता! शहाण्या घरधन्यानेंहि याहून निराळी व्यवस्था केली नसती.

२०१८ सालीं चीनमधूनच याहूनहि नवलाची गोष्ट प्रसिद्ध झाली. लोंबीला अधिक दाणे धरविणारें एक प्रथिन धानांत आहे. करप्याचा हल्ला झाला कीं त्या प्रथिनावर स्फुरदाचा एक कण चिकटतो. तेवढ्यानें त्याचें काम बदलतें. दाण्यांचें काम सोडून तें 'वर्की-४५' नांवाच्या संरक्षक जनुकाचें कुलूप उघडूं लागतें. सुमारें दोन दिवसांत तो कण निघून जातो आणि प्रथिन आपल्या मूळ कामावर परत येतें. आमच्या गांवीं आरोळी ऐकूं आली कीं कामकरी माणूस विळा ठेवून काठी उचलतो, आणि डुक्कर पळालें कीं पुन्हां विळा हातीं घेतो. त्याचें पोट विळ्यावर चालतें, याची त्याला आठवण असते.

आपल्या देशांतील कामहि थोडें नाहीं. अनेक देशांनीं मिळून धानाच्या सर्व बारा गुणसूत्रांचें वाचन २००५ सालीं पुरें केलें. सुमारें ३९ कोटि अक्षरांची ती पोथी आहे, आणि तिच्यांतील अकराव्या गुणसूत्राच्या वाचनांत भारतीय शास्त्रज्ञांनीं वांटा उचलला. त्याच गुणसूत्रावरील, व्हिएतनामच्या 'तेतेप' जातींतून आलेलें 'पी-५४' हें करपारोधक जनुक भारतीय संशोधकांनीं त्याच वर्षीं वेगळें काढलें. २०२१ सालीं दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेनें पुसा बासमतीच्या १८४७, १८८५ आणि १८८६ या जाती दिल्या. त्यांत करप्याविरुद्ध 'पी-२' आणि 'पी-५४' हीं दोन जनुकें एकत्र आणलीं आहेत; जिवाणूंपासून होणाऱ्या करप्याविरुद्ध आणखी दोन आहेत. हें काम संकरानेंच झालें. मात्र हवें तें जनुक आलें कीं नाहीं हें रोप लहान असतांच पानाचा तुकडा तपासून पाहतां येतें, रोग पडण्याची वाट पाहावी लागत नाहीं. दोन निरनिराळे जागले एकाच वेळीं चुकविणें बुरशीला फार कठीण जातें.

आतां शहरांतील गृहिणी विचारतील, "या धानाचा भात चवीला कसा?" हा प्रश्न शास्त्रज्ञांनाहि सुटला नव्हता. जपानांतील एका कोरडवाहू जातींत करप्याला दीर्घकाळ दाद न देणारा गुण होता, पण तो घेतला कीं भाताची चव जाई. २००९ सालीं उलगडा झाला. प्रतिकाराला आवर घालणारें जें जनुक इतर धानांत असतें, तें या जातींत सदोष होतें, म्हणून प्रतिकार टिके. आणि त्याच्या अगदीं शेजारीं चव बिघडविणारें दुसरें जनुक बसलेलें होतें. दोघांची फारकत केल्यावर निरोगी आणि रुचकर असा तांदूळ मिळाला.

शेतकऱ्यानें मात्र प्रयोगशाळेची वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. चीनच्या युनान प्रांतांत १९९८ व १९९९ सालीं हजारों शेतकऱ्यांनीं करप्याला बळी पडणारें चिकट धान आणि करप्याला दाद न देणारें धान यांच्या ओळी एकाच शेतांत लावल्या. औषध कोणतेंहि नवें नव्हतें. चिकट धानावरील करपा, तें एकटेंच लावलेल्या शेतांच्या मानानें, ९४ टक्क्यांनीं घटला. जातींची विविधता हीच तेथें जागल झाली.

मीं हें सर्व जांवयाला सांगितलें, आणि साकोलीच्या कृषि विज्ञान केंद्रांत जाऊन सल्ला घेण्यास सुचविलें. आपल्या धानपट्ट्यासाठीं साकोली आणि सिंदेवाही येथें संशोधन केंद्रें आहेत. कोणती जात सध्यां करप्यापुढें टिकते, हें तेथील लोक सांगूं शकतात. 'सध्यां' हा शब्द मी मुद्दाम वापरतों. रोगाला दाद न देणारी जात ही घरांतल्या तांब्यापितळेसारखी पिढ्यान्पिढ्या पुरणारी वस्तु नव्हे. तिच्यावर दरवर्षीं नजर ठेवावी लागते. जांवई आतां दोन जाती लावतात, आणि शेजाऱ्याशीं बोलून तिसरी त्याच्या बांधींत राहील असें पाहतात. बियाणें तीन टक्के मिठाच्या पाण्यांत बुडवून वर तरंगणारे हलके दाणे काढून टाकतात, आणि राहिलेलें स्वच्छ पाण्यानें धुऊन मगच पऱ्हे टाकतात. युरिया एकदम न देतां वांटून देतात. ढगाळ दिवस आले कीं सकाळीं बांधींत उतरून पानें उलटून पाहतात.

पुढें ढकललेलें लग्न दुसऱ्या वर्षीं झालें. पंक्तींत वाढलेला भात त्याच बांधींतला होता. श्रोतेहो, आपल्या ताटांत भाताची मूद पडते तेव्हां तिच्यामागें शेतकऱ्याचे कष्ट आहेत, हें आपण जाणतोंच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. त्या प्रत्येक दाण्यासाठीं रोपाच्या लक्षावधि पेशींनीं रात्रीं जागून काढल्या आहेत, कांहींनीं प्राण दिले आहेत, आणि उरलेल्या वेळींच काठी उचलून वेळींच खालीं ठेवण्यास चुकल्या नाहींत, म्हणून तो दाणा भरला आहे.